एकशे अठ्ठावीसचे एकशे एकोणीस

आमच्या घरात एकाच वर्षी दोन वाटण्या झाल्या. एक जमिनीची, दुसरी आजीच्या आवाजाची. जमिनीच्या वाटणीला तलाठी, दस्त लिहिणारा, दोन साक्षीदार आणि भरपूर कुजबुज होती. आवाजाच्या वाटणीला एक मेमरी कार्ड होतं आणि मी होते. दोन्हीकडे भांडणाची वेळ आली ती मात्र एकाच कारणाने. आकडा सगळ्यांच्या तोंडी एकच होता, पण तो आकडा नेमका कशाचा, हे कुणी विचारलं नव्हतं.

आमचं गाव इनामगाव, तालुका शिरूर. घोड नदीच्या काठावर. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात हे नाव तुम्ही वाचलं असेल, परीक्षेनंतर विसरलाही असाल. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे १९६८ ते १९८३ या काळात खणून काढलेलं ताम्रपाषाणयुगातलं गाव आमच्या आजच्या गावापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे. त्याच्याकडे नंतर येते. आधी आत्या.

आत्या अंगणवाडी सेविका आहे. पोरांची वजनं किलो-ग्रॅममध्ये घ्यायची, ती फोनमध्ये भरायची, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांत फोन खऱ्या अर्थाने वापरता येतो तो तिलाच. आजीच्या शेवटच्या तीन वर्षांत आत्याने एक काम मनावर घेतलं. माहेरी आली की जातं बाहेर काढायचं, मूठ-दोन मुठी ज्वारी घ्यायची आणि आजीला गायला बसवायचं. नुसतं “म्हण” म्हटलं की आजीला ओवी सुचायची नाही. हात खुंट्यावर गेला की यायची. आत्या समोर फोन उभा करून ठेवायची. असं करत बारा तासांचे व्हिडिओ जमले आणि ते एका १२८ जीबीच्या कार्डावर साठले.

आजी गेली. दिवस झाल्यावर ते कार्ड माझ्याकडे आलं, कारण घरात कॉम्प्युटर माझ्याकडे होता. फोनमध्ये कार्डाची जागा १२८ जीबी दिसत होती. कॉम्प्युटरला लावलं तर ११९. शेजारी बसलेला चुलतभाऊ लगेच म्हणाला, “गंडवलंय दुकानदारानं. नऊ जीबी खाल्ले.” मग त्याचा आवाज खाली आला. “का आत्यानं काय पुसलं असंल?”

माणसाच्या मनात संशय कसा शिरतो बघा. कार्डावरचं काहीही हललेलं नव्हतं. फक्त एका यंत्राने ते एका मापाने मोजलं होतं आणि दुसऱ्याने दुसऱ्या. दोघांनी मापाचं नाव मात्र एकच सांगितलं.

हे नीट समजून घ्यायला तळापासून सुरुवात करू. सगळ्यात लहान माप म्हणजे बिट. हो किंवा नाही, दिवा चालू किंवा बंद, एवढंच त्यात मावतं. क्लॉड शॅननच्या १९४८च्या प्रसिद्ध निबंधात हा शब्द आला आणि तो जॉन टुकी यांनी सुचवल्याचं त्याने तिथेच नोंदवलं. आठ बिटांचा एक बाइट. हा शब्द वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ साली आयबीएममध्ये काम करताना घडवला, आणि लिहिताना चुकून कुणी बिट वाचू नये म्हणून त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी मुद्दाम ‘वाय’ घातला. दोन मापांची नावं एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो, हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पुढच्या पायरीवर मात्र ती काळजी राहिली नाही. कॉम्प्युटरची स्मृती दुपटीदुपटीने वाढते. एका तारेवर दोन शक्यता, दोन तारांवर चार, तीनवर आठ, आणि दहा तारांवर १,०२४. हा आकडा हजाराच्या इतका जवळचा होता की इंजिनिअरांनी मेट्रिक पद्धतीतला ‘किलो’ शब्द उचलला आणि १,०२४ला किलो म्हणायला लागले. हजारामागे चोवीस जास्त. एवढ्याने काय होतंय?

एवढ्याने पुढे बरंच होतं, कारण प्रत्येक पायरीवर हा फरक स्वतःलाच गुणत जातो. किलोमध्ये २.४ टक्के, मेगामध्ये ४.९ टक्के, गीगामध्ये ७.४ टक्के, टेरामध्ये जवळजवळ १०. हजाराच्या हिशोबाने एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. १,०२४च्या हिशोबाने १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. आमच्या कार्डावर बारा हजार आठशे कोटी बाइट होते. फोनने त्याला शंभर कोटीने भागलं आणि १२८ सांगितले. विंडोजने १०७ कोटी ३७ लाखांच्या मापाने भागलं आणि ११९ सांगितले. भागाकार दोघांचाही बरोबर होता. मॅक २००९पासून आणि अँड्रॉइड आठव्या आवृत्तीपासून हजाराच्या बाजूला आहेत. विंडोज अजून १,०२४ने भागतं आणि खाली नाव ‘जीबी’च लिहितं. म्हणून एक टीबीची हार्ड डिस्क आणली की विंडोजवर ९३१ जीबी दिसतात आणि घराघरात कुणीतरी दुकानदाराला शिव्या घालतं.

यावर उपाय निघाला नाही असं नाही. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९९८ साली १,०२४च्या कुटुंबाला वेगळी नावं दिली: किबी, मेबी, गिबी. म्हणजे ११९ हे ‘गिबीबाइट’ म्हणायचे. तुम्ही कधी कुणाला दुकानात “भाऊ, एकशे एकोणीस गिबीबाइटचं कार्ड द्या” म्हणताना ऐकलंय? अमेरिकेत लोक यासाठी कोर्टात गेले आणि वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००६ साली एका दाव्यात तडजोड केली. साठवणुकीच्या वस्तूंच्या खोक्यावर बारीक अक्षरात ‘एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट’ असं छापलेलं सापडतं, ते अशाच भांडणांमुळे. अक्षर बारीक आहे, पण माप ठरलेलं आहे आणि ते लिहिलेलं आहे.

मी चुलतभावाला हे सगळं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. त्याने तीनदा भागाकार केला. मग म्हणाला, “म्हणजे आत्यानं काय पुसलं नाय.” मी म्हटलं, नाही. तो बराच वेळ गप्प बसला.

*

आजीला हे समजावणं सोपं गेलं असतं. ती लग्न होऊन इनामगावात आली तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा, चौसष्ट. फोन घेताना आपण जे आकडे बोलतो तेच. हा योगायोग वाटतो, पण दोन्हीकडे कारण एकच आहे: अर्ध करणं. रुपयाचा अर्धा आठ आणे, त्याचा अर्धा चार, त्याचा अर्धा दोन. शाळेत न गेलेल्या माणसालाही अर्ध करता येतं. भाकरी, शेत, पैसा, सगळं आपण असंच मोडत आलो. म्हणून मराठीत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटे शब्द आहेत आणि एकेकाळी पोरांना पावकी-दीडकीचे पाढे पाठ करावे लागायचे. ६४ जीबीचा फोन आजीच्या भाषेत एक रुपया, १६ जीबीचा चार आणे.

मग १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आता सव्वासहा पैसे मोजून कोण देणार? पाव पैशाचं नाणं नव्हतं. सुट्ट्या व्यवहारात तो पाव पैसा कधी विकणाऱ्याकडे गेला, कधी घेणाऱ्याकडे. पण सरकारने एक शहाणपणा केला. नाण्यावर ‘नया पैसा’ असं लिहिलं. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग, नवा शंभरावा. नाव सारखं राहिलं असतं तर बाजारात रोज मारामाऱ्या झाल्या असत्या. जुनी नाणी मागे पडल्यावर १९६४मध्ये ‘नया’ शब्द काढून टाकला. लोकांनी सात वर्षं ‘नवा पैसा’ म्हणून काढली. गिबीबाइटला मात्र पाव शतक उलटूनही घरात घेतलेलं नाही. याचं कारण मला असं वाटतं की पैशाचा फरक संध्याकाळी हातात दिसायचा. जीबीचा फरक कार्ड भरेपर्यंत दिसत नाही.

जमिनीचा फरक तर दोन पिढ्या दिसत नाही.

*

आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र आहे १ हेक्टर ६२ आर. घरात कुणी असं म्हणत नाही. घरात म्हणतात, चार एकर. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे एकशे साठ गुंठे. थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि माझे बाबा यांच्यात ठरलं की दोन-दोन एकर घ्यायचे. वाद कुठेच नव्हता. दस्त लिहिणाऱ्याने कच्च्या कागदावर लिहिलं: धाकट्यास ८० गुंठे, उर्वरित क्षेत्र थोरल्यास. शेजारी कंसात हेक्टर-आरमध्ये क्षेत्र लिहायचं होतं. तिथे त्याने ८० आर लिहिलं.

आमच्याकडे सर्रास म्हणतात, “आर म्हंजीच गुंठा.” तसा तो जवळजवळ आहेच. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दशमान पद्धती आल्यावर जमिनीच्या कागदावर एकर-गुंठ्याच्या जागी हेक्टर-आर आले. आर म्हणजे बरोबर शंभर चौरस मीटर. शंभर आणि एकशे एक. हजार आणि एक हजार चोवीस. गोष्ट तीच. मोठं माप बदललं, पण जिभेवर जुनंच नाव राहिलं.

एक फरक मात्र आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. गुंठ्यातला सव्वा टक्क्याच्या आतला फरक एका गुंठ्याला असतो तेवढाच शंभर एकरांना राहतो. जीबीसारखा पायरीपायरीने फुगत नाही. तरी एका एकरामागे तो ४७ चौरस मीटर भरतो, म्हणजे पाचशे चौरस फूट. पुण्यात एवढ्यात वन बीएचके बसवतात.

कच्चा कागद वाचून दाखवला तेव्हा ओसरीवर सगळे बसले होते. आत्या चहा घेऊन आली होती. तिने हक्कसोडपत्रावर आधीच सही केली होती. तिला जमीन नकोच होती, असं सगळे सांगतात. तिला कुणी विचारलं होतं का, हे मात्र कुणी सांगत नाही. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, “ऐंशी गुंठं म्हंजी कंचं गुंठं? कागदावरलं का रानातलं?”

दस्त लिहिणारा म्हणाला, “ताई, एकच असतं ते.”

“एकच असतं तर मग दोन नावं कशाला?” आत्या म्हणाली.

मी फोन काढला. रानातले ऐंशी गुंठे म्हणजे जवळजवळ ८१ आर. एकूण १६२ आर. निम्मे ८१. पण कागदावर बाबांना ८० लिहिलं की तात्यांकडे उरले ८२. दोघांत दोन आरांचा फरक, म्हणजे २०० चौरस मीटर, आणि आमच्या रानाची सरळ मोजता येणारी बाजू रस्त्याकडेची. तात्यांनी आकडा ऐकला आणि स्वतःच म्हणाले, “मंग एक्क्याऐंशी-एक्क्याऐंशी लिव्हा. उद्या पोरं भांडायला नकोत.” विषय पाच मिनिटांत मिटला. कुणीही कुणाला फसवायला निघालेलं नव्हतं. तो कागद तसाच नोंदवला गेला असता तर वीस वर्षांनी मोजणी आली असती, बांध कोरला म्हणून बोललं गेलं असतं, आणि मी व माझा चुलतभाऊ एकमेकांच्या दारात गेलो नसतो. आमच्या तालुक्यात असे बांध शोधायला लांब जावं लागत नाही.

तिचं नाव त्या कागदावर फक्त हक्क सोडणारी म्हणून आहे.

*

आवाजाची वाटणी राहिली होती. तात्यांना आईचा आवाज हवा होता, बाबांना हवा होता, आत्याचा तर तो होताच.

बारा तासांचा व्हिडिओ. फोन साध्या फुल एचडीत सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितो. आता इथे लक्ष द्या, कारण इंटरनेटच्या जाहिरातीत हाच खेळ असतो. मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नाही. आठाने भागा. १७ मेगाबिट म्हणजे सव्वादोन मेगाबाइटच्या आत-बाहेर. बारा तासांचे झाले ९२ जीबी. तात्यांच्या फोनमध्ये चार जीबी रिकामे होते. नेटवरून पाठवायचं म्हटलं तर गावात अपलोड मिळतं चार मेगाबिट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. सलग ५१ तास लागले असते.

मग मी फक्त आवाज वेगळा काढला. सेकंदाला १२८ किलोबिट, म्हणजे १६ किलोबाइट. बारा तासांचे झाले ६९१ एमबी. ते तात्यांच्या फोनमध्ये बसले. चित्र गेलं: खुंट्यावरचा हात गेला, पदराने घाम पुसणं गेलं, मध्येच आत्याकडे बघून हसणं गेलं. जात्याची घरघर राहिली.

बाबांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी मी ओव्या टाइप केल्या. ४१२ ओव्या. सगळ्या मिळून फाइल झाली ९९ केबी. मराठीची जागा इंग्रजीपेक्षा जास्त लागते. आज आपण वापरतो त्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘आई’ला सहा बाइट. ‘जातं’ लिहायला ज, काना, त, अनुस्वार अशी चार चिन्हं, म्हणून बारा. जुना एसएमएस आठवत असेल तर हेच दिसेल: इंग्रजीत १६० अक्षरं मावायची, मराठी लिहिलं की ७० चिन्हांवर आलं, कारण पाकिटात जागा १४० बाइटचीच होती.

तर ९२ जीबी, ६९१ एमबी, ९९ केबी. व्हिडिओतून आवाज एकशे तीस पटींनी लहान, आवाजातून अक्षर आणखी सात हजार पटींनी. जीबीचे एमबी करताना काही हरवत नाही, फक्त शून्यं इकडची तिकडे जातात. आवाजाची अक्षरं करताना किती हरवतं ते कुठल्याच कोष्टकात नाही. तरीही बाबा त्या ९९ केबीच्या प्रिंटा उशाशी घेऊन झोपतात.

हे काम महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी कार्यकर्त्या बायकांना सोबत घेऊन गावोगावच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. पुढे त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत गेल्या, त्यात आमच्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकाही आहेत. माझ्या फाइलमध्ये एका ओवीला सरासरी २४० बाइट पडले. त्याच हिशोबाने एक लाख ओव्या म्हणजे २४ एमबी. आत्याच्या फोनने काढलेला अकरा सेकंदांचा व्हिडिओ. एक लाख वेळा कुणीतरी पहाटे उठून जे म्हटलं, ते अकरा सेकंदांच्या जागेत मावतं. जागा नव्हती म्हणून ठेवलं नाही, हे कारण कुणालाच सांगता येणार नाही.

*

आता ते जुनं गाव. इसवीसनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात, म्हणजे नऊशे वर्षं, घोडकाठी माणसं राहत होती. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ साली निघाला. तो वाचला की चक्रावायला होतं. त्यांची घरं, चुली, धान्याच्या कणगी कुठे होत्या ते कळतं. ते सातू पिकवायचे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस सापडला. दगावलेल्या लेकरांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातल्याच जमिनीखाली ठेवायचे. नंतर दिवस फिरले, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या.

हे सगळं कळतं. पण लेकरू जमिनीखाली ठेवताना ती बाई काय म्हणाली, ते कळत नाही. लिपी नव्हती. नऊशे वर्षांच्या बोलण्यातलं काय उरलं, ते मोजायचं तर शून्य बाइट. गिबी घ्या नाहीतर गीगा घ्या, उत्तर बदलत नाही.

म्हणून आजीच्या ९२ जीबीच्या मी तीन प्रती केल्या. एक पुण्यात माझ्याकडे, एक बाबांच्या कपाटात आणि मूळ कार्ड आत्याकडे. आत्याने ते प्लास्टिकच्या डबीत ठेवून वर चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं: ‘आई. बारा तास.’ १२८ही नाही आणि ११९ही नाही.

त्या बारा तासांत एका ठिकाणी, दुसऱ्या वर्षीच्या एका व्हिडिओत, आत्या मागून विचारते, “आई, तुला एकूण किती ओव्या येत्यात गं?” आजी जातं थांबवत नाही. म्हणते, “पायलीला पुरत्यात.”

चार शेरांची पायली. मी ते टाइप करताना आत्याला फोन केला आणि विचारलं की पायलीभर ज्वारी दळायला वेळ किती लागतो. मला ओव्यांचा हिशोब लावायचा होता.

“कोण दळतंय त्याच्यावर हाय बाळा,” आत्या म्हणाली.